नको ते वगळून

आईने कळफलकावरची तीच तीन बटणं पुन्हा एकदा दाबली, या वेळी इतक्या जोरात की शेजारचा कप हलला. कॉम्प्युटर ढिम्म.

"अगं, मोडशील," लेक म्हणाली. "काय हवंय तुला?"

"माझा कॉम्प्युटर. होता तसा."

लेक सुट्टीवर आली होती, आणि सुट्टीत स्वस्थ बसणं तिच्या रक्तात नव्हतं. आल्या आल्या तिने आईच्या कॉम्प्युटरला नावं ठेवली आणि मग हात घातला. त्यावरची लिनक्स ही तयार संगणक-प्रणाली पुसून टाकली आणि मूळ कोडपासून सगळी प्रणाली त्याच यंत्राच्या मापाने बांधायला घेतली. दोन दिवस पंखा घोंघावत होता, पडद्यावर ओळी धावत होत्या. आईकडे एका भाषांतरित कादंबरीची शेवटची प्रकरणं संपादनासाठी पडली होती, ती उद्या सकाळी प्रकाशकाकडे जायची होती, आणि आई स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. आज दुपारी एकदाची बांधणी संपली.

"तयार कपडे आणि अंगावर बेतून शिवलेले, तेवढाच फरक," लेकीने समजावलं. "बघ, किती झटकन सुरू होतो. मी मोजलंय."

"किती वाचले?"

"नऊ सेकंद."

"दोन दिवस खाल्लेस आणि नऊ सेकंद दिलेस. काय करू त्यांचं? दात घासू?"

लेकीला ते झोंबलं, कारण ते नऊ सेकंदही बांधणीचे नव्हते. सामान कमी केलं म्हणून ते वाचले होते. जे ठेवलं होतं ते पूर्वीच्याच चालीने चालत होतं. तिने तेही मोजलं होतं, पण कबूल करण्याइतकं मोठं मन तिच्याकडे निदान आज तरी नव्हतं.

"तुला मेलं कशाचं कौतुकच नाही. नक्की काय बिघडलंय ते तरी सांग."

"सगळं."

"सगळं म्हणजे काय? तू वापरत नाहीस तेवढंच वगळलंय मी. घरात प्रिंटर नाही, ते काढलं. गाणी तू ऐकत नाहीस, सिनेमे बघत नाहीस, म्हणून आवाजाचं सगळंच काढलं. उगाच ओझं कशाला?"

आई बटणांवरून हात काढून खुर्चीत मागे रेलली. मग एकदम उसळली.

"कुणाला विचारून काढलंस?"

"त्यात विचारायचं काय?"

"माझ्या घरात, माझ्या टेबलाशी बसून, मला काय लागत नाही ते तू ठरवणार? मी पलीकडच्या खोलीत होते. मेले नव्हते."

"मग आता सांग ना! कशाला लागतो तुला आवाज?"

आईने बोटं पुन्हा त्याच तीन बटणांवर ठेवली. कपाळावरची शीर उडत होती.

"तो वाचून दाखवतो मला."

"काय वाचून दाखवतो?"

"पान. ओळ. सगळंच. ही बटणं दाबली की सुरू होतो."

लेक कमरेवर हात ठेवून भांडायला उभी होती, ती तशीच उभी राहिली.

"कधीपासून?"

"झालं वर्ष. डॉक्टर म्हणतात, नजरेतलं मधलं जाणार, कडेचं राहील."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर कामही काढून टाकलं असतंस माझं. उगाच ओझं कशाला म्हणून."

 लेकीने वाकून आवाज पुन्हा बांधायची आज्ञा टाइप केली आणि पंखा पुन्हा घोंघावू लागला. आवाज परत यायला सकाळ उजाडणार होती. तिने दुसरी खुर्ची ओढली, प्रकरणाची फाइल उघडली, घसा खाकरला आणि वाचायला लागली. कुठे न थांबता ती भरभर वाचत सुटली.

"थांब," आई म्हणाली. राग उतरला नव्हताच. "स्वल्पविराम कुठे आहेत ते मला कोण सांगणार? चिन्हांसकट वाच."