फलालीन जुनं करायचं

जालन्याहून सुनेनं, भावनानं, फलालीनचं कापड पाठवलं आणि वर फोन करून बजावलं, "आई, बाळाची गोधडी तुमच्याच हातची पाहिजे. पण जुन्या लुगड्याची नको. डॉक्टरबाई म्हणाल्या, नवं फलालीन घ्या." भावनाला सातवा महिना होता आणि ती शाळेत शिकवायची, त्यामुळे तिच्याशी वाद घालायची घरात पद्धत नव्हती.

उषाबाईंनी पुडकं सोडलं. फिकट पिवळं कापड, त्यावर ओळीनं निघालेली बदकं. अंकुशनगरच्या अलीकडच्या त्या गावातली निम्मी पोरं उषाबाईंच्या गोधडीवर पहिली झोप झोपलेली, पण त्या सगळ्या गोधड्या जुनेराच्या. गोधडीसाठी नवं कापड फाडायचं म्हणजे उभा ऊस सरपणाला तोडायचा. शिवाय रीत होती. बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावत नाहीत. जुनं लावतात, आणि तेही घरातल्या अशा म्हाताऱ्या माणसाचं, ज्यानं कधी दवाखान्याची पायरी चढलेली नाही. त्याचं आयुष्य, त्याची ताकद कापडातून बाळात उतरते.

दोन दिवस उषाबाई कापडाकडे बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते नवऱ्याच्या डोक्याला गुंडाळलं.

"हे काय?" बद्रीनाथांनी विचारलं.

"सून म्हणती नवं पाहिजे, रीत म्हणती जुनं पाहिजे. मंग नवंच जुनं करायचं. दिवसा डोक्याला बांधा, झोपताना उशाला घ्या. तुमच्यावाणी निरोगी माणूस गावात हाय कोण? सुई माहीत न्हाई तुमच्या अंगाला."

बद्रीनाथांनी डोक्यावरची गाठ सारखी केली. सुई त्यांच्या अंगाला चांगली माहीत होती. कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या मोजून ते रिटायर झाले, त्याच्या पुढच्याच साली घनसावंगीला तपासणी शिबिर होतं. तिथं त्यांच्या बोटाला सुई टोचली आणि शुगर निघाली. घरी जाऊन सांगायचं असं ठरवूनच ते जीपमध्ये बसले होते. घरी आले तर पुरणपोळी केलेली. आज राहू दे, उद्या सांगू, असं म्हणून ते जेवायला बसले, त्या उद्याला आता दोन वर्षं होत आली होती. गोळ्या वावरात, फवारणीच्या पंपाच्या खोक्यात ठेवलेल्या. आणि इकडे उषाबाई चार गावांत सांगत फिरायच्या, की आमच्या ह्यांनी आजवर एक गोळी खाल्ली न्हाई.

तर बद्रीनाथ बदकं बांधून हिंडू लागले. पारावर गेले, बाजाराला गेले, गावातल्या अप्पारावांच्या भावाच्या दहाव्यालाही गेले. तिथं कुणी काही बोललं नाही, पण गुरुजींचा मंत्र दोनदा चुकला. शेजारच्या गिरिजाबाईंनी मात्र कुंपणावरून सांगितलं, "भाऊजी, बदकं लई शोभून राह्यलेत."

लोकांच्या हसण्याचं बद्रीनाथांना काही वाटत नव्हतं. त्यांना दुसरीच धास्ती होती. ताकद जर कापडातून उतरत असेल, तर शुगर कशी मागं राहील? उताराला लागलं की सगळंच वाहतं. पहिलंच नातवंड, अजून डोळे उघडायचेत त्याला, आणि हे आपण त्याच्या गोधडीत काय मुरवून राहिलोय? या विचारानं त्यांना जेवण जाईना. उषाबाईंनी भूक वाढावी म्हणून चहात साखर वाढवली.

शेवटी गोळ्या आणायला गेले तेव्हा त्यांनी घनसावंगीच्या मेडिकलवाल्याला विचारलं, "शुगर कापडातून उतरती का?" त्यानं आधी बदकांकडे पाहिलं, मग म्हणाला, "न्हाई उतरत, काका." पण त्याला रीत कुठं माहीत होती? बद्रीनाथांनी आपल्यापुरता तोडगा काढला. वावरात गेलं की कापड सोडून लिंबाच्या फांदीला टांगायचं आणि परत येताना बांधायचं. लिंब आजोबांच्या हातचा होता आणि त्याला कसला रोग नव्हता.

महिना झाला तसं उषाबाईंनी कापड काढून घेतलं आणि नाकाला लावलं. "घामाचा वास कसा न्हाई? वावरात कामं करता का नुसते बसून राहता?" बद्रीनाथ म्हणाले, "बसतो." चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

कापड उकळत्या पाण्यातून काढलं, उन्हात वाळवलं. ते चांगलं वीतभर आटलं. उषाबाई बघतच राहिल्या. जुनेर जेवढं आटायचं तेवढं आटूनच त्यांच्याकडे यायचं. कापड आपल्यादेखत आटतं हे त्या पहिल्यांदाच बघत होत्या. "बरं झालं जुनं करून घेतलं," त्या म्हणाल्या. "तसंच शिवलं असतं तर पहिल्या धुण्यात गोधडीची पार चुंबळ झाली असती." मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही बी जरा आटल्यावाणीच दिसून राह्यलात."

दुपारी कापड फाडून ओसरीवर पट्ट्या अंथरल्या. फलालीन काही ऐकेना. लुगडं जमिनीवर टाकलं की पडून राहतं. हे ओढावं तिकडं ताणायचं आणि सोडलं की वेडंवाकडं बसायचं. बारीक लव सुईला चिकटायची. उषाबाईंनी बद्रीनाथांना समोर बसवून कडा धरायला लावल्या, सुईत दोरा ओवला आणि पहिला टाका घालताना गोधडीला नेहमी सांगतात तसं सांगितलं, "आज्यावाणी निरोगी ऱ्हाय गं बाई. आज्यावाणीच."

"थांब," बद्रीनाथ म्हणाले. "मला शुगर हाय."

सुई अर्धी कापडात, अर्धी बाहेर राहिली.

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

"गोळ्या?"

"वावरात. फवाऱ्याच्या खोक्यात."

"पिकाच्या औषधाजवळ?"

"हे बी औषधच हाय."

उषाबाईंनी सुई तशीच सोडून दिली. मग म्हणाल्या, "म्हंजे मी दोन वर्षं तुमच्या चहात साखर घालून राह्यले." बद्रीनाथांनी मान हलवली. "माझ्या हातानं. सणाला पोळीवर पोळी वाढली. तुम्ही नको म्हणलात तर गळ्याची आण घातली. अन् तुम्ही खाऊन घेतली." त्यांचे डोळे भरून आले. रागही असा आला, की बदकांवर हात आपटला. नवऱ्याला रोग झाला याचा तो राग नव्हता. माणूस समोर बसून आपल्याच हातचं विष खात होता आणि वर गोड झालं म्हणत होता, याचा होता.

"गोड व्हायचं," बद्रीनाथ म्हणाले. "अन् तू एवढ्या हौसेनं करायचीस." मग खाली बघत म्हणाले, "हे कापड टाकून देऊ. दुसऱ्या कोणाच्या डोक्याला बांधू."

"कोणाच्या?"

दोघांनी विचार केला. अप्पारावांच्या छातीत स्प्रिंग बसवलेली. गिरिजाबाईंना बीपी. बाकीच्यांचं जे काही होतं ते उषाबाईंना तोंडपाठ होतं. निरोगी म्हणून गावात एकच माणूस उरला होता, तो आत्ताच गेला.

उषाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "रोग लपवणाऱ्याचं कापड चालत न्हाई," त्या म्हणाल्या. "सांगणाऱ्याचं चालतं." असा काही नियम नव्हता. त्यांनी तो तिथल्या तिथं केला आणि अर्धी राहिलेली सुई पलीकडे ओढली. "कडा धरा. ताणू नका."

संध्याकाळपर्यंत टाके चालले. फलालीनच्या लवेत दोरा बुडायचा, टाका दिसायचाच नाही. एवढं बारीक काम करून ते कुणाला दिसणार नाही याचं उषाबाईंना वाईट वाटलं आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. शेवटचा कोपरा उरला. गोधडी उपाशी ठेवून दोरा तोडत नाहीत. त्या कोपऱ्यात गूळपोळीचा नखाएवढा घास शिवून टाकतात. उषाबाई उठून आत गेल्या आणि सकाळच्या भाकरीची चतकोर घेऊन आल्या.

"गूळ?" बद्रीनाथांनी विचारलं.

"बाळाला आत्तापासून बिनगुळाची सवय लागू द्या," उषाबाई म्हणाल्या. त्यांनी नखाएवढा तुकडा कोपऱ्यात सरकवून टाका घातला, दोरा दातानं तोडला आणि उरलेली चतकोर नवऱ्याच्या हातावर ठेवली. "हे खा, अन् जाऊन गोळ्या घरी घेऊन या."

बद्रीनाथांनी ती कोरडी भाकर सगळी खाल्ली.