साहेबांनी मला अंगात घातलं तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. समारंभात मिरवणारा कोट नव्हे हं, शीतगृहातला कोट. गोठवलेल्या मटारांची खोकी रचणाऱ्या बायकांनी थंडीने काकडू नये म्हणून माझा जन्म झाला. माझ्या पोटात इतका कापूस कोंबला आहे की मला घातलं की माणूस चालतोय असं वाटतच नाही, गादीची वळकटी चालल्यासारखी वाटते. डोकं, मान, हनुवटी, गुडघे, सगळं मी झाकतो. उघडं राहतं ते फक्त नाक, आणि तेही लाल झालेलं असतं.

बाहेरच्या खोलीत आम्ही खुंट्यांवर लटकत असतो. इथे अमक्याचा कोट तमक्याचा असं काही नसतं. जी आधी येईल ती हाताला लागेल तो घालते. मी मात्र कायम शेवटी उरतो, कारण माझी चेन. ती वर जाते गुमान, पण खाली आणायची म्हटलं की गळ्यापाशी अडून बसते. ती सोडवायची कला एकट्या मावशींना येते. मावशी म्हणजे आमच्याकडच्या सगळ्यांत जुन्या कामगार. त्या मला एक चापट मारतात, "मेल्या, सोड तिला!" म्हणतात, आणि मी सोडतो. माझा त्यांच्यावर फार जीव आहे, पण त्यांना सांगू नका, डोक्यावर बसतील.

शेवटी उरलेला कोट शेवटी आलेल्या मुलीच्या वाट्याला आला. ती कामाला नवीन लागली म्हणून सगळ्या तिला 'नवी'च म्हणत. नवी खोकी रचताना गाणी गुणगुणायची आणि तोंडातून निघणारी वाफ पाहून स्वतःच हसायची.

एके दिवशी मुकादमाने तिला आतल्या खोलीत एकटीला बोलावलं आणि ती नको नको म्हणत असताना घट्ट धरलं. हिसका देऊन ती सुटली, पण माझी बाही खांद्यापाशी टर्रकन फाटली. मित्रांनो, मी एवढा जाडजूड, पण त्या दिवशी माझा काडीचा उपयोग झाला नाही. मला फार वाईट वाटलं. मावशींनी ती बाही लाल दोऱ्याने शिवली, कारण दुसरा दोरा हाताशी नव्हता.

नवीने तक्रार केली. मुख्य कचेरीतून चौकशीला साहेब आले. त्यांचा पहिलाच प्रश्न, "त्या वेळी तुम्ही काय घातलं होतं?" दुसऱ्या दिवशी भिंतीवर सूचना लागली, 'महिला कामगारांनी शालीन पोशाख करावा.'

नवी मावशींना म्हणाली, "मी तक्रार मागे घेते. कामही सोडते. माझंच काहीतरी चुकलं असेल."

मावशींनी सूचना वाचली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा सूचना वाचली. "याहून शालीन व्हायचं तर कपाटच अंगात घालून यावं लागेल," त्या म्हणाल्या. "उद्या दुपारी सगळ्या कोट घालून कचेरीपुढे बसू. तू फक्त ये."

आणि मित्रांनो, आम्ही भर उन्हात बसलो! आमच्या आतल्या बायका घामाने निथळत होत्या, पण एकीने कोट काढला नाही. पुढे पाटी होती, 'हे घातलं होतं!' रस्त्यावरचे लोक थांबून पाहू लागले. एका काकांनी तर काळजीने विचारलं, "बर्फबिर्फ पडणार आहे की काय?"

साहेब तणतणत बाहेर आले. "हे काय नाटक लावलंय?"

"तुम्हीच विचारलं होतंत ना काय घातलं होतं?" मावशींनी नवीच्या अंगातून मला सोडवलं आणि पुढे केलं. "हे घ्या. बघा घालून."

एवढे लोक पाहताहेत म्हटल्यावर साहेबांना नाही म्हणवेना. त्यांनी मला घातलं आणि रुबाबात चेन वर ओढली. खरं सांगतो, त्या दिवशी चेन आपोआप अडली नाही. मी अडवली. ती खाली आणायला साहेब ओढताहेत, वाकताहेत, नाचताहेत, पण मी ढिम्म. तेवढ्यात त्यांचा शिपाई पाण्याचा पेला घेऊन आला आणि थेट त्यांनाच म्हणाला, "बाई, साहेब कुठे गेले हो?"

हशा पिकला. कितीतरी दिवसांनी नवीसुद्धा हसली.

साहेब खांद्याशी चाचपडू लागले. "आणि हा लाल दोरा कसला?"

नवीचं हसू थांबलं. ती उभी राहिली. "तिथेच धरलं होतं त्यांनी मला."

साहेबांचा हात त्या टाक्यांवरच राहिला. माझ्या आत त्यांना दरदरून घाम फुटला होता, आणि तो काही नुसता उन्हाचा नव्हता. मग ते पायरीवर उभ्या असलेल्या मुकादमाकडे वळले. "मुकादम, इकडे या. आता तुम्ही सांगा."

तेव्हा कुठे प्रश्न योग्य माणसाला विचारला गेला. मावशींनी चापट मारली आणि मी साहेबांना सोडलं.

मुकादमाला काढून टाकलं. भिंतीवरची ती सूचना उतरवली. नवी कामावर आली, आणि पुन्हा गुणगुणते.

मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, चेनीला थोडं मेण लावा. कोणी दुखावलेलं माणूस तुमच्याकडे आलं, तर आधी त्याचं ऐकून घ्या. त्याने काय घातलं होतं याची चौकशी नको. आणि माझ्या खांद्यावरचा तो लाल दोरा कधी उसवू नका. तो दिसत राहायला हवा.