खोबणीचा कोपरा

काकांच्या कारखान्यात जाड भिंतीचे पोलादी सिलिंडर बनत, आणि काकांची मतं त्याहून जाड होती. पुतणी इंजिनिअर होऊन तिथेच डिझाइन बघू लागली, तेव्हापासून दोघांचं रोज वाजायचं.

या वेळी भांडण खोबणीवरून जुंपलं. सिलिंडरच्या आतून गळती रोखणारी सीलची रिंग बसवायला गोल खोबण पाडायची होती. काकांना तिचे कोपरे अगदी काटकोनात, धारदार हवे होते.

"काका, कोपऱ्यात ताण एकवटतो," ती म्हणाली. "माझ्या अंदाजाने बाकीच्या भिंतीच्या तिप्पट तरी. दाब सारखा चढला-उतरला की तिथूनच तडा जाणार. कोपऱ्यांना गोलाई देऊ या."

"चार बोटं जाड पोलाद आहे ते. हत्तीला मुंगी चावली म्हणून हत्ती आडवा पडतो का?"

पुतणी गप्प बसली. ती गप्प बसली की घरचे सावध व्हायचे. काका मात्र खुशीत होते.

कारखान्याचं ऑफिस काकू सांभाळत. जेवणाच्या सुट्टीआधी दोघींनी दार लोटून घेतलं आणि काकांच्या सँडविचबरोबर आलेल्या सॉसच्या सगळ्या पुड्यांची दातेरी कड कात्रीने सरळ कापून टाकली.

काकांनी सँडविच पुढे ओढलं, पुडी उचलली. बोटांनी ओढली, मग दातांनी. पुडी फाटेल तर शपथ. दुसरी घेतली, तीही पहिलीचीच बहीण. कात्री मागणं त्यांच्या रक्तात नव्हतं. कपाळावर घाम आला. काकू खिडकीबाहेर टक लावून बघत होत्या. नवऱ्याकडे बघितलं असतं तर हसू फुटलं असतं.

"द्या इकडे." पुतणीने ब्लेडने पुडीच्या कडेला तिळाएवढी चीर दिली आणि ती परत केली.

काकांनी आधीच्याच जोराने हिसका मारला. पुडी उभी फाटली. सॉस शर्टावर, चष्म्यावर, थोडा भुवईवरही.

काकांनी चष्मा पुसला. फाटलेली आणि न फाटलेली पुडी शेजारी ठेवून बराच वेळ निरखली.

"ही चीर म्हणजे..."

"खोबणीचा कोपरा."

"आणि हे तुम्हा दोघींचं कारस्थान."

"माझा संबंध कात्रीपुरता," काकू म्हणाल्या.

काकांनी हसू दाबून बघितलं, जमलं नाही. दुपारीच खोबण कापणाऱ्या लेथवर गोल टोकाचं हत्यार चढलं.

चाचणीला ग्राहक स्वतः आला. पाण्याचा दाब पुन्हा पुन्हा चढवला, उतरवला. सिलिंडरला तडा गेला नाही, की कुठे थेंब पाझरला नाही. चहा घेताना काका ग्राहकाला म्हणाले, "आमच्याकडे धारदार कोपरा चालतच नाही. ताण एकवटतो ना तिथे. मी पहिल्यापासून सांगत आलोय."

"अस्सं. मग गोलाईची त्रिज्या किती ठेवता?"

काका खाकरले. पुतणीकडे बघून पुन्हा खाकरले. तिने चमचा उचलला आणि बिनसाखरेचा चहा सावकाश ढवळत राहिली. काकांचे कान लाल झाले तेव्हा कुठे तिने चमचा बशीत ठेवला.

"तीन मिलिमीटर," ती म्हणाली. "काकांनीच ठरवली."