डावा आरसा

"बाबा, तुमचं लव्हमॅरेज होतं का जी?"

तुलारामच्या हातातला पाना नटावरून सटकला आणि सायलेन्सरवर खणकन आपटला. उंबरठ्याशी झोपलेलं मांजर उठून दुसरीकडे जाऊन झोपलं.

"कोनं शिकवलं तुले हे?"

"रुपा अन् मोनिकानं पैज लावली. दोघींनी आपापल्या घरी विचारलं. म्हनते, करुणात दम नाही."

"मंग काय म्हने रुपाचा बाप?"

"म्हने, आमचं ना लव्ह ना अरेंज. आमचं मावशीनं जमवलेलं भांडन होय."

तुलाराम हसला, पाना उचलला आणि पुन्हा आरशाच्या दांड्याशी लागला. "आमचं आबानं ठरवलं. मी पोरगी पाहाले गेलो तं पोरीनं मान वर केलीच नाही. मले निस्ता भांग दिसला. सरळ होता. मी म्हटलं, चालते."

करुणा खळखळून हसली. दहावीचा निकाल लागल्यापासून तिला कंठच फुटला होता. शाळेत पहिली आली, स्टेजवर बोलावलं गेलं, माईकसमोर पाय कापले नाहीत, आणि तेव्हापासून तिला वाटू लागलं होतं की जगात न विचारता येण्याजोगं असं काही नसतंच. फक्त एक प्रश्न सोडून. तो तिने पैजेवरसुद्धा विचारला नसता.

"करुणा," आतून आईचा आवाज आला, "तुझ्या बाबाले सांग, चहा थंडा होऊन राहिला."

स्वयंपाकघर ते अंगण म्हणजे मधे एक दार. आईचा शब्दन्‌शब्द तुलारामला ऐकू गेलेला होता.

"बाबा, चहा," करुणा म्हणाली.

"तुझ्या आईले सांग, हात काळे आहेत. धुवून घेतो."

"आई, हात काळे आहेत म्हनते."

हे या घराचं बोलणं होतं. करुणाची आजी सत्यभामाबाई ओटीवर बसायची तेव्हापासूनचं. मोठ्या माणसांदेखत लेकानं बायकोशी बोलणं म्हणजे तिच्या लेखी निलाजरेपणा, आणि ओटी अशा जागी की घरातलं कुठलंच बोलणं तिच्यादेखत झाल्याशिवाय राहत नसे. म्हणून वाक्यांना मधे एक माणूस लागायचा. आधी धाकटा काका होता, तो सुरतेला कामाला गेला. मग करुणा बोलायला लागली आणि ते काम तिच्याकडे आलं. आबा गेले, आजी गेली, ओटी रिकामी झाली. सवय मात्र तिथेच बसून राहिली. मिठाच्या पुड्यापासून पाहुण्यांच्या तारखांपर्यंत सगळं करुणाच्या तोंडून इकडचं तिकडे जायचं.

भंडाऱ्याच्या कॉलेजात अकरावीला नाव घालायचं, तिथल्याच होस्टेलवर राहायचं, असं निकालाच्या दिवशी तिने मोठ्या तोऱ्यात मैत्रिणींना सांगून टाकलं होतं. बाबा म्हणाले, तुझ्या मनानं कर. आईही तेच म्हणाली. आणि उद्या प्रवेशाचा शेवटचा दिवस उजाडणार होता तरी तिने होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. मोनिकाला वाटलं, ही घाबरली. करुणाने तिला तसं वाटू दिलं. आपण गेलो तर या घरात आवाज कुणाचा उरेल, हे ती कुणाला सांगणार होती? भांडण असतं तर बरं, भांडण मिटतं तरी. या दोघांना एकमेकांशी बोलायचंच काही नाही, असं तिने कधीचं मनाशी धरलं होतं; तेवढंच कधी विचारलं नव्हतं.

"पुन्हा हलते," तुलाराम म्हणाला. नट कसून झाला होता. त्याने किक मारली, गाडी जागेवरच रेस केली. डावा आरसा पिंपळाच्या पानासारखा थरथरू लागला. त्यातलं घर, विहीर, कुंपण सगळं एकमेकांत मिसळून गेलं.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या साली घेतलेली ही गाडी. वेग धरला की मागची एक सायकल या आरशात चार सायकली होऊन यायची, म्हणून तुलारामने त्यात बघणंच सोडून दिलं होतं. मागच्या आठवड्यात राईस मिलकडे डावीकडे वळताना एक मोटरसायकल त्याच्या गुडघ्याला घासून गेली. घरी येऊन त्याने गुपचूप पँट बदलली. पण त्याची फाटलेली पँट शिवताना आई म्हणाली होती, "तुझ्या बाबाले सांगजो, आरसा नीट केल्याबिगर गाडी अंगनाच्या बाहेर काढाची नाही." एवढा लांब निरोप करुणाने बऱ्याच दिवसांत पोचवला नव्हता.

"दांडा नाही हलत," तिने गाडी बंद करायला लावली. "डोक्यापाशी हलते. खोलू का?"

"खोल. पहिली आलेली पोरगी तू. नाही म्हनाची माझी का ताकद?"

आरशाच्या पाठीमागचे दोन स्क्रू तिने काढले. आत एक लोखंडी गोळी आणि तिला धरणारी वाटी. आरसा वळवायचा तो या गोळीवर. करुणाने गोळी तळहातावर घेतली. एका बाजूने ती इतकी झिजली होती की गुळगुळीत, चांदीसारखी झाली होती. वाटीत टाकून पाहिली तर सुपारीसारखी खुळखुळली.

तिला राहवलं नाही. तिने उजवा आरसाही खोलला. त्यातली गोळी काळी, खरखरीत, कारखान्यातून आली तशीच.

"दोन्ही आरसे संगंच लागले ना, बाबा?"

"संगंच."

"मंग हा एकच काहून घासला?"

तुलारामने फडक्याने हात पुसले. मग तेच फडकं घेऊन टाकी पुसायला लागला. टाकी स्वच्छ होती.

"कोनी रोज फिरवल्याबिगर असं घासत नाही," करुणा म्हणाली. "कोन फिरवत होतं हा?"

चहा तसाच राहिला म्हणून आई, रुखमिणी, स्वतःच कप घेऊन दारात आली होती. करुणाच्या तळहातावरची गोळी तिला दिसली.

"बोडीच्या तळ्यापाशी फिरवावा लागे," ती म्हणाली.

ती करुणाला म्हणाली नव्हती.

"जातानी बोडीच्या पल्याड, ओटीवरून दिसत नसे तिथं," तुलाराम म्हणाला. "अन् येतानी बोडीच्या पाळीवर चढाच्या आधी. परत सरळ."

"एकडाव इसरले तुमी."

"मंग काय तं. आई ओटीवरूनच म्हने, तुलाराम, तुझा आरसा बायकोकडं काहून पाहून राहिला? मी म्हटलं, गाडी पडली, म्हनून वाकडा झाला."

"अन् ते खरं वाटावं म्हनून दोन दिवस लंगडत चालले," रुखमिणी म्हणाली. "सासूबाईनं हळद गरम करून लावाले देल्ली. मलेच लावा लागली, चांगल्या पायाले."

तुलाराम खाली बघून हसत होता. त्याचे कान लाल झाले होते.

करुणा गोळी मुठीत धरून उभी राहिली, आणि कुठूनशी तिला ती टाकी आठवली. उन्हाने तापलेली, मांडीखाली टॉवेल घडी करून ठेवलेली. घरात दोन माग चालू होते तेव्हा आठवड्याला साड्यांचा गठ्ठा भंडाऱ्याच्या व्यापाऱ्याकडे जायचा. टाकीवर करुणा, मधे बाबा, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली आई, आणि आईच्या मांडीवर गठ्ठा. गाडीला दोन आरसे असतात, एवढं तेव्हा करुणाला माहीत होतं. उजव्यात रस्ता असतो आणि डाव्यात आई. सगळ्यांच्याच गाड्यांना तसं असतं, असं तिला वाटायचं. त्या आरशातल्या आईचा पदर डोक्यावरून उडालेला असायचा आणि ती बोलत असायची. धानाच्या पऱ्ह्यांची हिरवी शेतं मागे पळायची, वरठीचं फाटक यायचं, मालगाडी निघून जायची, तरी तिचं बोलणं संपायचं नाही. बाबांची छाती हसताना हलायची ती करुणाला आपल्या पाठीवर कळायची. काय बोलायची ती, हे आता आठवत नव्हतं. वाऱ्याने सगळं मागच्या मागे नेलं होतं.

मग माग विकले गेले, बाबा मिलमधे लागले. गठ्ठाच नाही तर आईने भंडाऱ्याला जायचं कशाला?

"रबर लावलं तं बसन," तुलाराम म्हणत होता. "सायकलच्या ट्यूबचा तुकडा पाहिजे होता."

करुणा सवयीने आत वळून ओरडणार, तोवर आई आत गेलीही होती. ती जुनी ट्यूब आणि कात्री घेऊन आली आणि गाडीजवळ उकिडवी बसली.

"एवढं?"

"जरा रुंद काप."

"हे?"

"हं. दोन घड्या होतीन का त्याच्या?"

"पाहा ना लावून."

करुणाला काही कामच उरलं नाही. आईने तिच्या हातात ठेवलेला कप बाबांचा आहे हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिने अर्धा चहा पिऊन टाकला होता. तिने उरलेलाही पिऊन टाकला.

रबर वाटीत बसलं. तुलारामने गोळी दाबून घातली, स्क्रू हाताने फिरवले आणि थांबला. "आता एकडाव कसला का हा फिरनार नाही. आधी बरोबर धरून घ्या लागन. मांगं वजन पडलं का गाडी दबते. बस करुणा."

"मी नाही," करुणा म्हणाली. "मले आरसा धरू द्या. आईले बसवा."

रुखमिणीने हात लुगड्याला पुसले. तिने एकदा ओटीकडे पाहिलं. ओटीवर वाळत घातलेली चिंच होती, दुसरं काही नव्हतं. मग ती पाय एका बाजूला सोडून गाडीवर बसली, आणि बसताच तिचे दोन्ही हात मांडीवर असे गोल झाले जसा तिथे गठ्ठा आहे.

तुलाराम पुढे बसला. त्याने आरसा जरासा वळवला. मग अजून जरासा. करुणा बाजूने आरशाची कड धरून होती. ती उभी होती तिथून काचेत तिला नुसतं आभाळ दिसत होतं.

"दिसते का जी?" रुखमिणीने विचारलं.

"दिसते."

"रस्ता म्हनते मी."

"तोही."

त्याने स्क्रूड्रायव्हर मागितला. करुणाने दिला. स्क्रू पुरते आवळून झाल्यावर त्याने किक मारली, कान पिरगाळावा तशी रेस दिली. गाडी थरथरली, दोघांचे खांदे थरथरले. आरसा जागचा हलला नाही. गाडी बंद झाली तरी दोघांपैकी कुणीच खाली उतरलं नाही.

"मी भंडाऱ्याले जाऊन राहिली," करुणा म्हणाली. "उद्याच नाव टाकते. होस्टेलवर राहीन."

दोघांनी एकाच वेळी तिच्याकडे पाहिलं. आईने तोंड उघडलं, "तुझ्या बाबाले..." आणि तिथेच थांबली.

"अन् राहाले जाईन त्या दिवशी मले पोचवाले या," करुणा म्हणाली. "मी पेटी घेऊन एसटीनं जाईन. तुमी दोघं गाडीवर या."