सहा माणसांचा एक डोळा

देगलूर रस्त्याच्या फाट्यावर पत्र्याचं एक शेड होतं आणि सकाळी आठलाच त्या शेडबाहेर रांग वळणापर्यंत गेली होती. कुणी टेम्पोने आलं होतं, कुणी एसटीने. एका म्हाताऱ्याला तर त्याच्या लेकांनी खुर्चीसकट उचलून आणलं होतं. रांगेत मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही भाषा चालू होत्या आणि तिन्हींत एकच गोष्ट सांगितली जात होती, की आत गेलेल्या माणसाला दिसतं.

आणि खरोखरच दिसत होतं.

शेडच्या एका टोकाला मारुतीची तसबीर टांगलेली आणि दुसऱ्या टोकाला पाट मांडलेला. पाटावर बसलेल्याला महाराज विचारत, "काय दिसतं?"

"कायतरी शेंदरी हाय. सगळं धुरकट."

मग महाराज झोळीतून तांब्याची पट्टी काढत. पट्टीला मधोमध सुईच्या टोकाएवढं छिद्र. ती पट्टी कपाळाला लावायची, तीनदा फुंकायची आणि माणसाच्या डोळ्यापुढे धरायची.

"आता बघ!"

"गदा! गदा दिसून राहिली! आरं, शेपटीची घंटीबी दिसून राहिली!"

बाहेर जयजयकार होई. खुर्चीतला म्हातारा आपली पाळी कधी येते म्हणून खुर्चीचे हात बडवी.

महाराजांचं पूर्ण नाव डॉक्टर वीरभद्र महाराज. अंगात पांढरा कोट, कोटावर रुद्राक्षाची माळ. म्हणजे औषधाने बरं वाटलं तर डॉक्टरांमुळे आणि नाही वाटलं तर प्रारब्धामुळे. त्यांची जीभ मात्र कधी अडखळत नसे.

"माऊली, हा छिद्रयोग. परदेशातले शास्त्रज्ञ याला लहरींचं विज्ञान म्हणतात, आपले ऋषी सूर्यनाडी म्हणत. डोळ्याला सुरी लावली की आतलं तेज सांडतं. अंडं फोडून कधी पिल्लू जगतं का?"

पिल्लू अंडं फोडूनच बाहेर येतं, हे रांगेतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. पण महाराजांपुढे कोंबडीची साक्ष काढायची कुणी?

त्या रांगेत धर्माबादचा शेषेराव होता आणि त्याचा हात धरून त्याची बायको धोंडाबाई. शेषेरावाने उभी हयात मिरचीच्या आडतीवर हमाली केली होती. धोंडाबाई त्याच आडतीच्या पडवीत बसून मिरच्यांची देठं खुडायची. तिच्या डोळ्यांत काचबिंदू होता. नांदेडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करावं लागेल, उजव्यात रोज दोन वेळा थेंब घालायचे, आणि यात गेलेली नजर परत येत नाही, आहे ती तेवढी राखता येते. ऑपरेशनची तारीखही दिली होती. त्या तारखेच्या आठ दिवस आधी शेजारणीने फाट्याचं नाव काढलं.

पट्टीतून धोंडाबाईलाही मारुती दिसला. "अवो, पष्ट दिसून राहिला!" म्हणताना तिचा आवाज पोरीसारखा झाला होता. तरी शेषेरावाचं मन पुरतं बसलं नव्हतं. फुंकून कुठं डोळा बरा होतो? हमालाला ओझं फुंकून हलकं झालेलं कधी पाहायला मिळत नाही.

पण मग महाराजांनी तिच्या डोळ्याचा फोटो काढला. तिथे एक मशीन होतं. त्याला हनुवटी टेकवली की डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो निघे. तीन महिन्यांनी दोघं पुन्हा गेले तेव्हा महाराजांनी एक गुळगुळीत कागदाचं मासिक त्याच्या हातात दिलं.

"वाच शेषेराव. तुझी बायको परदेशी मासिकात गेली!"

मासिक इंग्रजी होतं. आत डोळ्यांच्या फोटोंच्या सहा जोड्या, प्रत्येक जोडीत एक आधीचा आणि एक नंतरचा. आधीचा रोगट, नंतरचा कसा लख्ख. चौथ्या जोडीखाली धोंडाबाईचं वय होतं. वर लेखकाच्या जागी वीरभद्र महाराज आणि त्यांच्या शेजारी कुण्या प्राध्यापकाचं नाव. सोबत मराठीत एक परची होती: 'संशोधनाने सिद्ध! सुरीविना नेत्रलाभ!'

तिथे शेषेराव हरला. पन्नाशी उलटल्यावर तो साक्षरतेच्या वर्गाला बसला होता. पाटीवर 'ग' काढताना त्याचा हात शंभर किलोच्या पोत्याखाली थरथरला नसेल इतका थरथरला होता. तेव्हापासून छापलेल्या अक्षरावर त्याचा पाय पडला, तर तो वाकून नमस्कार करी. माणूस खोटं बोलेल, पण खोटं छापायचं म्हणजे किती माणसांनी मिळून खोटं बोलायला हवं! एवढी माणसं कशाला बोलतील?

ऑपरेशनची तारीख आधीच टळली होती, आता दुसरी मागायला दोघं गेलेच नाहीत. थेंबांची बाटली कोनाड्यात वाळली.

आठ महिने गेले. धोंडाबाईला समोरचं दिसत होतं, म्हणून ती बरी आहे असंच दोघं समजत होते. मग एके दिवशी ती जेवून उठली आणि ताटाच्या कडेची चटणी तशीच राहिलेली शेषेरावाने पाहिली.

"चटणी का सोडली गं? तिखट झाली का?"

"चटणी होती?" धोंडाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती दारातल्या उभ्या सायकलवर आदळली. आडतीवर तिच्या डाव्या हाताचा मिरचीचा ढीग संध्याकाळपर्यंत तसाच पडून राहिला. मुकादम म्हणाला, "मावशी, अर्धंच काम करून राहिल्या का आज?" बायका हसल्या. धोंडाबाईही हसली. घरी आल्यावर मात्र चुलीपुढं बसून ती डावा हात डोळ्यांपुढे नेऊन-आणून बघू लागली. शेषेरावाने तिचा हात धरला आणि सकाळच्या गाडीने नांदेड गाठलं.

नांदेडला दवाखान्यात डोळ्यांचे फोटो काढायला सबिहा नावाची बाई होती. वर्षापूर्वी धोंडाबाईचा फोटो तिनेच काढला होता. तिने नवा फोटो काढला आणि जुना पडद्यावर शेजारी लावला.

"मावशी, ऑपरेशन का नाही केलं?"

"आवं, ती तर बरी झाली होती," शेषेराव घाईने म्हणाला. त्याने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं मासिक काढलं. "हे बघा बेटी. छापलंय."

सबिहाने मासिक उघडलं. मग टेबलाच्या खणातून तिने काळ्या प्लास्टिकची एक चकती काढली. तिलाही मधोमध बारीक छिद्र. "मावशी, ह्यातून तो समोरचा तक्ता बघा."

"दिसतंय की! पष्ट!" धोंडाबाई म्हणाली.

"काका, मी फुंकलं का? मंत्र म्हटला का?" सबिहा म्हणाली. "मावशींना चष्म्याचा नंबरपण आहे. नंबर असला की उजेड डोळ्यात विस्कटतो, म्हणून धुरकट दिसतं. बारीक छिद्रातून थोडाच उजेड आत जातो, तो विस्कटत नाही. चष्मा लागेल की नाही ते बघायला आम्ही रोज हेच वापरतो. पण काचबिंदू वेगळा. त्यात डोळ्यामागची नस वाळते, कडेकडेचं दिसणं जातं. समोरचं शेवटपर्यंत राहतं, म्हणून माणूस फसतो."

"आन् हे फोटो?" शेषेरावाचा आवाज खाली गेला होता.

"हा आधीचा मावशींचाच. ह्या रक्ताच्या रगा, शिरा म्हणा, बघा, आमच्या फोटोतल्याच आहेत. रगांची नक्षी प्रत्येकाची निराळी असते, आणि औषधाने काय, जादूनेपण बदलत नाही. आता नंतरचा बघा."

नंतरच्या फोटोतल्या रगा वेगळ्याच होत्या.

"म्हंजे हा डोळा धोंडीचा न्हाई?"

"नाही. कुण्या धडधाकट माणसाचा आहे."

शेषेरावाने मासिक जवळ ओढलं. वाचताना तो अक्षरावर बोट ठेवून वाचायचा, तसंच त्याने त्या नंतरच्या फोटोतल्या रगेवर बोट ठेवलं. पिवळ्या गोल ठिपक्यातून एक रग वर जात होती, तिला तीन फाटे फुटत होते आणि मधला आकड्यासारखा वळत होता. त्याने पहिल्या जोडीतला नंतरचा फोटो पाहिला. तिथेही तीन फाटे, मधला आकडा. तिसऱ्यात तेच. मग दुसऱ्यावर त्याचं बोट थांबलं.

"बेटी, हा उलटा हाय."

"कसा काय?"

"पोत्यावर मार्का मारला ना, आन् शाई ओली असतानाच थप्पी लावली, तर शेजारच्या पोत्यावर तोच मार्का उलटा उमटतो. चाळीस वर्सं बघितलंय. साक्षर व्हायच्या आधी मी उलटी अक्षरंच जास्त वळखायचो." तो बोटाने दाखवू लागला. "हा सुलटा. हा उलटा. ह्यो सुलटा. धोंडीचाबी सुलटा. ह्यो उलटा. ह्योबी उलटा. सहा माणसं, सहा आजार, आन् बरा झालेला डोळा एकच!"

सबिहा खुर्चीतून उठून त्याच्या खांद्यावरून वाकली. रगा जुळत नाहीत एवढं तिने पाहिलं होतं. हे पाहिलं नव्हतं. मासिकाने लेख तपासायला दिला असेल, तर त्या तपासणाऱ्यांनीही पाहिलं नव्हतं. नाहीतर पाहून सोडून दिलं होतं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं ते थोडक्यात असं, की डावा डोळा गेल्यात जमा, उजव्यात वाचेल तेवढं वाचवू. "परत न्हाई का येणार? थोडंबी?" धोंडाबाईने विचारलं. डॉक्टरांनी थेंबांची नवी बाटली तिच्या हातात ठेवली आणि उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख लिहून दिली.

सबिहाने मासिकाला पत्र लिहिलं. सहाही फोटो सुलटे करून एकाखाली एक लावून पाठवले. उत्तर आलं, लेखकाशी थेट संपर्क साधावा. मग तिने लेखावर ज्या विद्यापीठाचं नाव होतं त्याला लिहिलं. तिथून महिन्याभराने कळलं की चौकशी समिती नेमली आहे. समितीचे अध्यक्ष कोण, तर लेखावर दुसरं नाव ज्यांचं होतं ते प्राध्यापक.

"म्हंजे मांजरालाच इचारायचं, दूध कुणी पिलं?" शेषेराव म्हणाला.

"मांजर अहवाल देईल, काका," सबिहा म्हणाली.

शेषेराव फाट्यावर गेला. धोंडाबाई हट्टाने बरोबर आली. रांग पहिल्यापेक्षा लांब होती. शेषेरावाने खिशातून महाराजांची परची काढली, कुंपणावरचा बाभळीचा काटा मोडून तिला भोक पाडलं आणि रांगेतल्या पहिल्या माणसाच्या डोळ्यापुढे धरली.

"बघा बाबा. तांबं न्हाई, मंतर न्हाई. मला तर धड आरतीबी येत न्हाई. दिसतंय का?"

"दिसतंय की!" माणूस ओरडला. परची हातोहात फिरली. "मलाबी दिसलं! मलाबी!"

शेषेरावाला वाटलं, झालं, फुटला फुगा. तेवढ्यात मागून एकजण म्हणाला, "बघा, महाराजांच्या परचीतबी केवढी ताकद हाय!"

जयजयकार झाला. लोक परच्यांवर तुटून पडले. कुंपणाचे काटे संपले.

गलबला ऐकून महाराज बाहेर आले आणि हसले. "शेषेराव, तुझ्या हातून माझंच काम झालं. पण बायकोच्या वेळी श्रद्धा कमी पडली रे तुझी."

"सहा जणांना एकच डोळा कसा बसवला, ते सांगा आधी!" शेषेरावाने मासिक उघडून धरलं. जवळच्या दोघातिघांनी फोटोंकडे पाहिलं. त्यांना लाल-पिवळे गोळे दिसले. एकाने मासिकाला हात लावून नमस्कार केला.

तेव्हा धोंडाबाई पुढे झाली.

"मला बघा," ती म्हणाली. "मीच ती, मासिकातली. मी समोर बघते. तुमच्यातल्या कुणीबी माझ्या बाजूला हात धरा आन् बोटं दाखवा."

देगलूरची नीलम्मा नावाची एक बाई रांगेत होती. तिने धोंडाबाईच्या डाव्या कानाजवळ हात धरला, तीन बोटं उभी केली. "येष्टु? किती हायत?"

"हात धरला का?" धोंडाबाईने विचारलं.

नीलम्माने हात थोडा पुढे आणला. मग आणखी पुढे. हात जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा धोंडाबाई म्हणाली, "तीन."

खुर्चीतून आणलेल्या दुसऱ्या एका म्हाताऱ्याने मान खाली घातली. नीलम्मा आपल्याच हाताकडे बघत राहिली. मग हळूच शेषेरावाला म्हणाली, "माझंबी असंच होऊन राहिलंय, अण्णा. मग मी काय करू?"

"नांदेडची गाडी पकड, बाई. आत्ताच्या आत्ता."

महाराज पाठ फिरवून आत गेले. आत घंटा वाजली. रांग दोन पावलं सरकली. नीलम्माने पुढच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. पहाटे चारपासून ती उभी होती.

"एकदा पट्टी बघते, मग जाते," ती म्हणाली आणि सरकली.

पुढच्या महिन्यात महाराजांनी भोक पाडलेल्या परच्याच वाटायला घेतल्या. समितीचा अहवाल अजून यायचा आहे. मासिकात तो लेख आजही आहे, ज्याला पाहायचा त्याने पाहावा. धोंडाबाईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. नळीतून पाहावं तेवढं तिला दिसतं. शेषेराव रोज दोनदा थेंब घालतो, आणि ताट वाढताना सगळं ताटाच्या मधोमध वाढतो.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरातही कुणाचा डोळा दुखेल, कुणी असंच एखादं शेड सांगेल. तिथे जाऊन दिसू लागलं तर का दिसलं ते विचारा, कागदाला काट्याने भोक पाडून स्वतः बघा. फोटो दाखवले तर आधीचा आणि नंतरचा शेजारी ठेवून बोटाने एकेक रग जुळवा. त्याला शिक्षण लागत नाही, सवड लागते. छापलेलं असलं तरी कुणी छापलं आणि कुणी तपासलं हे विचारायला लाजू नका. आणि हे सगळं विचारत असताना डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नका. लबाडी आज ना उद्या उघडी पडेल किंवा पडणारही नाही, पण वाळलेली नस तिची वाट बघत थांबत नाही.