पायपुसण्याला दिलेला शर्ट

पडदा उघडला. स्टेजवर माझा शर्ट होता. एकीच्या नाही, नाचणाऱ्या प्रत्येक पोरीच्या अंगावर! साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला फडकं, कोपरावर ठिगळ. उसाचं पान कापतं म्हणून फडात ऊस तोडताना माझा हाच अवतार असायचा. हे बघायला मला धारूरहून बीडला आणलं होतं?

माझी सून सत्यशीला शिलाई करते. आधी गावातल्या बायकांचे ब्लाउज आणि फॉल-पिको, मग शाळेच्या गॅदरिंगसाठी टिकल्यांचे घागरे. ते घागरे इतके गाजले की बीडच्या नाचाच्या क्लासने यंदा कपडे कसे असावेत हेही तिच्यावरच सोपवलं. ते मी गावभर मिरवलं. चकाकणारं काहीतरी बघायला मिळेल म्हणून शेजारच्या भिवराबाईलाही सोबत घेतलं.

तो शर्ट मी सत्यशीलेला पायपुसणं करायला दिला होता. फडातले दिवस मला नजरेसमोर नको होते. हातांवरचे वण झाकायला मी उन्हाळ्यातही लांब बाह्यांचं ब्लाउज घालते.

भिवराबाई कानाशी लागली. "छबू, अगं ही तर तूच हाय की!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टाळ्या पडत होत्या, पण माझ्या डोक्यात नुसता जाळ. नाच संपताच मी तरातरा आत गेले.

"सत्यशीले, माझी अब्रू चव्हाट्यावर मांडलीस! काढ ते समदं!"

हाताशी आलेल्या पोरीची बाही धरून मी ओढली. बाही उलटी झाली. आत मऊ अस्तर होतं.

"हे कावून लावलं?"

"पोरींला टोचू न्हाई म्हणून, आत्याबाई." सत्यशीला म्हणाली. "तुमच्या ब्लाउजचं माप घेताना हात बघितलेत मी. तुमच्या शर्टाला कुठं अस्तर व्हतं?"

आजवर माझ्या हातांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. नवऱ्यानंसुद्धा नाही.

ती पोर बिचारी घाबरून उभी होती. मी तिची बाही सरळ केली, बटण लावलं. बाही मनगटाच्या अलीकडेच संपत होती.

"आखूड झाली," मी सत्यशीलेला म्हणाले. "पान हितंच कापतंय. बोटापर्यंत घे."