आत उघडणारं दार

लहानपणी भिंतींवर रेघा ओढायचा म्हणून ताईने त्याचं नाव रेघोट्या ठेवलं होतं. पुढे हाच रेघोट्या कॉम्प्युटरवर लोकांची घरं आखून पोट भरू लागला. ताईचं घर तर त्याने हौसेने आखलं. स्क्रीनवर भिंती उभ्या केल्या, पलंग-कपाटं मांडली, ताईला खोल्याखोल्यांतून फिरवून आणलं. ताई हरखून गेली होती.

बाथरूमचं दार तेवढं बाहेर उघडताना फ्रिजला धडकायचं. लगेच स्क्रीनवर लाल रेघ यायची.

"फ्रिज सरकव की जरा," ताई म्हणाली होती.

फ्रिज हलवला तर अख्खं स्वयंपाकघर पुन्हा मांडावं लागेल, म्हणून रेघोट्याने कंटाळा केला. एक बटण दाबलं, दार आत उघडू लागलं, लाल रेघ गेली. "झालं! उगाच डोकं खातेस." सुतारानेही कागदावर होतं तसंच दार बसवलं.

तीन आठवड्यांपूर्वी त्याच दाराआड ताई भोवळ येऊन पडली, ती नेमकी दाराला टेकून. भाऊजी बाहेरून ढकलत राहिले. सुताराने येऊन दार कापेपर्यंत पाऊण तास गेला. थोडं आधी आणलं असतं तर वाचल्या असत्या, असं डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून भाऊजींनी जेवण सोडल्यातच जमा होतं. "नवरा असून एक दार ढकलता आलं नाही मला," भेटेल त्याला हेच सांगायचे. लोक समजूत घालायचे. रेघोट्याही शेजारी बसून मान हलवायचा. हो, नुसती मान हलवायचा! इतकी घरं आखणाऱ्याला एक वाक्य जुळवता येत नव्हतं.

रविवारी सकाळी भाऊजी पुन्हा म्हणाले, "आणखी थोडा जोर लावला असता तर..." आणि त्याला ऐकवेना. त्याने लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे ठेवला.

"भाऊजी, तुमचा जोर कमी पडला नाही. दार बाहेरच उघडणार होतं. ताईला तसंच हवं होतं. मी फिरवलं."

"कसं?"

त्याने बटण दाखवलं. भाऊजींनी ते दाबलं. दार बाहेर, लाल रेघ. पुन्हा दाबलं. दार आत. बराच वेळ ते तेच करत राहिले. रेघोट्या शिवीची, थपडेची वाट बघत उभा होता. दोन्हींतलं काहीतरी त्याला हवंच होतं.

भाऊजींनी दार बाहेर उघडं ठेवलं. "आणि फ्रिज कसा सरकवतात?"

त्याने तेही दाखवलं. भाऊजींनी फ्रिज वीतभर सरकवला. लाल रेघ गेली. स्वयंपाकघरातलं बाकी काहीच हलवावं लागलं नाही.

"एवढंच होतं?" भाऊजींनी विचारलं.